प्रवाहातील मोजमाप : अंतःक्षेपण विश्लेषणातील अंशशोधनाच्या पद्धती

प्रस्तुत लेखाचे निमित्त एका विहिरीचे आहे. मराठवाड्यातील माझ्या मूळ गावी एक जुनी बांधीव विहीर आहे. काही वर्षांपूर्वी एकाच दिवशी भरलेले तिचे पाणी दोन प्रयोगशाळांकडे तपासणीसाठी पाठविण्यात आले. एका अहवालात नायट्रेटचे प्रमाण लिटरमागे ३८ मिलिग्रॅम होते, दुसऱ्यात ५२. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम असून तीत कोणतीही सवलत दिलेली नाही. तान्ह्या मुलांच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता नायट्रेटमुळे कमी होऊ शकते, हे त्यामागील प्रमुख कारण. एका कागदाप्रमाणे पाणी पिण्यायोग्य ठरत होते, दुसऱ्याप्रमाणे अयोग्य. दोन्ही कागदांवर सही होती, शिक्का होता आणि चाचणीच्या पद्धतीचे नाव होते. तो आकडा कशाच्या आधारे काढला, याविषयी मात्र दोन्हीकडे एक ओळही नव्हती.

साहित्याच्या अभ्यासकाने रसायनशास्त्राच्या प्रांतात शिरणे हे धाडस आहे, याची जाणीव मला आहे. परंतु ज्ञानभाषा म्हणून मराठीची चर्चा करणाऱ्या अध्यासनात बसून गावच्या विहिरीचा अहवाल वाचता येऊ नये, हे मनाला पटेना. आमच्या विद्यापीठातील रसायनशास्त्र विभागाच्या एका सहकाऱ्यांकडे मी हे कागद घेऊन गेलो. त्यांनी पहिलाच प्रश्न केला, "कॅलिब्रेशन कसे केले होते?" पुढील विवेचन त्या प्रश्नातून निघाले आहे.

'कॅलिब्रेशन'साठी आपल्याकडे 'अंशांकन' आणि 'अंशशोधन' असे दोन्ही शब्द वापरले जातात. अंशांकन म्हणजे मापनपट्टीवर खुणा करणे. अंशशोधनात त्या खुणा खऱ्या आहेत की नाहीत, याचा शोधही अंतर्भूत आहे. मला दुसरा शब्द अधिक नेमका वाटतो. का, ते पुढे दिसेलच.

कोणतेही वैश्लेषिक उपकरण संहती थेट सांगत नाही. ते एक संकेत देते : प्रकाश किती शोषला गेला, विद्युतविभव किती पडला, इत्यादी. या संकेताचे संहतीत रूपांतर करण्यासाठी ज्यांची संहती आपल्याला आधीच ठाऊक आहे अशी द्रावणे, म्हणजे प्रमाण द्रावणे, उपकरणाला दाखवावी लागतात. रूढ रीतीने पाच-सहा चंचुपात्रांत चढत्या संहतीची प्रमाण द्रावणे तयार करावयाची, प्रत्येकाचा संकेत नोंदवावयाचा, आलेखावर बिंदू मांडून रेषा काढावयाची आणि अज्ञात नमुन्याचा संकेत त्या रेषेवर कोठे पडतो ते पाहावयाचे. या रीतीत एक गृहीतक इतके मुरलेले आहे की त्याचा वेगळा उल्लेखही सहसा होत नाही. ते असे की, मोजण्यापूर्वी सर्व काही पूर्ण झालेले असले पाहिजे. मिश्रण एकजीव झालेले, अभिक्रिया शेवटास गेलेली, संकेत स्थिरावलेला.

१९५७ मध्ये अमेरिकेतील लिओनार्ड स्केग्ज यांनी नमुने नळीतून एकामागून एक वाहते ठेवून विश्लेषण करण्याची योजना मांडली. लगतचे नमुने एकमेकांत मिसळू नयेत म्हणून त्यांनी प्रवाहात हवेचे बुडबुडे सोडले. रुग्णालयांतील रक्ततपासणीला या यंत्रामुळे मोठा वेग आला. तरीही स्थिरावस्थेची अट तेथेही कायम होती. प्रत्येक नमुन्याचा संकेत सपाट पठारावर येईपर्यंत थांबावे लागे.

ही अट सोडून देण्याचे श्रेय प्रामुख्याने डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठातील यारोमिर रुझिच्का आणि एलो हान्सेन यांना दिले जाते. १९७५ मध्ये त्यांनी आपल्या पद्धतीला 'फ्लो इंजेक्शन ॲनालिसिस' असे नाव दिले. अमेरिकेत केंट स्टुअर्ट आणि त्यांचे सहकारी त्याच सुमारास स्वतंत्रपणे अशाच मार्गाने चालले होते. मराठीत या पद्धतीला 'प्रवाह-अंतःक्षेपण विश्लेषण' म्हणता येईल. डेन्मार्कमधील आरंभीच्या मांडण्या लेगो या खेळण्याच्या ठोकळ्यांवर नळ्या बसवून केलेल्या होत्या. इतक्या साध्या सामग्रीतून एवढी मूलगामी कल्पना उभी राहिली, हे मला तरी लोभस वाटते.

मांडणीही साधीच आहे. सुमारे अर्धा मिलिमीटर आतील व्यासाची एक बारीक नळी. तिच्यातून पंपाच्या साहाय्याने मिनिटाला एक-दोन मिलिलिटर या गतीने वाहणारा वाहक द्रव. या द्रवात एका फिरत्या झडपेतून सोडलेला नमुन्याचा अगदी लहान, साधारण ५० ते २०० मायक्रोलिटरचा तुकडा. वाटेत येऊन मिळणारा अभिकारक. आणि शेवटी शोधक उपकरण. बुडबुडे नाहीत. नमुन्याचा तुकडा वाहता वाहता वाहकात विखुरत जातो. नळीच्या मध्यातील द्रव वेगाने पुढे धावतो, भिंतीलगतचा मागे रेंगाळतो. त्यामुळे तुकड्याची कड लांबट होत जाते. बारीक नळीतील या विखुरण्याचे गणित जी. आय. टेलर यांनी १९५३ मध्येच मांडले होते. शोधकापाशी हा तुकडा पोहोचतो तेव्हा संकेत झपाट्याने चढतो, शिखर गाठतो आणि सावकाश उतरतो. सगळा खेळ साधारण अर्ध्या मिनिटाचा. तासाला शंभरेक नमुनेही तपासता येतात.

या शिखराच्या क्षणी मिश्रण अपुरे असते, अभिक्रियाही बहुधा अर्धवट असते. मग या संकेतावर विश्वास का ठेवावयाचा? रुझिच्का आणि हान्सेन यांचे उत्तर असे की, अपुरेपणा प्रत्येक वेळी तंतोतंत तेवढाच असेल तर तो मोजमापाच्या आड येत नाही. नमुन्याचे आकारमान, प्रवाहाची गती, नळीची लांबी आणि वेळ ही सारी बंधने काटेकोर पाळली, तर प्रमाण द्रावण आणि नमुना हे दोघेही सारख्याच अवस्थेत, सारख्याच क्षणी शोधकासमोर येतात. पूर्णतेची जागा पुनरावृत्तीने घेतली.

या विखुरण्याला एक अंकही आहे. मूळ संहतीला शोधकापाशी त्या क्षणी असलेल्या संहतीने भागले की विखुरणांक मिळतो. तो २ असेल तर नमुना निम्म्याने विरल झाला. १० असेल तर दहापट. हा अंक नळीची लांबी किंवा नमुन्याचे आकारमान बदलून हवा तसा ठेवता येतो. विरलन करण्यासाठी पूर्वी काचेची पात्रे आणि मोजनळ्या लागत. येथे ते काम नळीच करते.

आता अंशशोधनाकडे वळू. सर्वात सरळ पद्धत जुनीच आहे : पाच-सहा प्रमाण द्रावणे एकामागून एक सोडावयाची आणि शिखरांची उंची संहतीसमोर मांडावयाची. नित्याच्या कामात बहुसंख्य प्रयोगशाळा हेच करतात आणि त्यात वावगे काही नाही. मात्र शिखराचा केवळ माथा वापरून त्याची उतरण टाकून देणे, ही एक प्रकारची उधळपट्टी आहे. उतरणीवरच्या प्रत्येक क्षणाला विखुरणांक वेगळा असतो, पण तो निश्चित असतो. समजा, लिटरमागे १०० मिलिग्रॅमचे एकच प्रमाण द्रावण सोडले आणि रंगद्रव्य वापरून आधीच ठरविले की अमुक सेकंदाला विखुरणांक २, तमुक सेकंदाला ४, पुढे ५ आणि १० असतो. तर त्या त्या क्षणी शोधकासमोर ५०, २५, २० आणि १० मिलिग्रॅमचीच द्रावणे उभी असतात. एका द्रावणातून सगळी अंशशोधन-रेषा निघते. हीच युक्ती उलटीही चालते : नमुना फार संहत असल्यामुळे शिखर मोजपट्टीबाहेर गेले, तर उतरणीवरील योग्य क्षण निवडून वाचन घेता येते.

१९८० च्या दशकात जूलियन टायसन यांनी हाच विचार ज्योत-अणुशोषण मापनासाठी वेगळ्या रूपात वापरला. त्यांनी प्रवाहात एक छोटा ढवळता कक्ष बसविला. कक्षात वाहक द्रव भरलेला असताना प्रमाण द्रावण आत सोडले की बाहेर पडणाऱ्या द्रवाची संहती घातांकी नियमाने वाढत जाते. कक्षाचे आकारमान १ मिलिलिटर आणि प्रवाह मिनिटाला ६ मिलिलिटर असेल, तर १० सेकंदांनी मूळ संहतीच्या ६३ टक्के, २० सेकंदांनी ८६ टक्के, ३० सेकंदांनी ९५ टक्के. घड्याळ हेच येथे मोजपात्र होते.

या साऱ्याला मर्यादाही आहेत आणि त्या लपविण्यात अर्थ नाही. उतरणीवर वेळेची चूक थेट संहतीची चूक होते. नमुना प्रमाण द्रावणापेक्षा दाट असेल, तर तो नळीत वेगळ्या रीतीने विखुरतो आणि विखुरणांकच बदलतो. ज्या पंपाच्या भरवशावर सगळे चालते, त्याच्या मऊ नळ्या रोजच्या वापराने सैल पडतात आणि गती हळूहळू घसरते. सकाळची रेषा दुपारी खरी असेलच असे नाही. म्हणून मधून मधून प्रमाण द्रावण पुन्हा सोडून पाहावे लागते.

परंतु अधिक गंभीर अडचण दुसरीच आहे, आणि विहिरीचा प्रश्न तिच्याशी येऊन भिडतो. प्रमाण द्रावणे शुद्ध पाण्यात केलेली असतात. विहिरीच्या पाण्यात नायट्रेटबरोबर क्लोराइड, कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह, कुजलेल्या पालापाचोळ्याचे विरघळलेले अंश असे बरेच काही असते. या सहद्रव्यांमुळे तेवढ्याच नायट्रेटचा संकेत कमी किंवा जास्त येऊ शकतो. शब्दकोशातला अर्थ आणि वाक्यातला अर्थ यांत जे अंतर पडते, तेच येथेही पडते, असे मी माझ्या सहकाऱ्यांना म्हणालो. त्यांनी ते मान्य केले. मात्र वाक्यातला अर्थ त्यांना आकड्यात हवा असतो, एवढी पुस्ती जोडली.

नायट्रेटच्या प्रवाही चाचणीत (आयएसओ १३३९५ या १९९६ च्या मानकात ती दिली आहे) नमुना तांब्याचा मुलामा दिलेल्या कॅडमियमच्या कणांनी भरलेल्या स्तंभातून नेतात. तेथे नायट्रेटचे नायट्राइट होते. ते पुढे अभिकारकांशी मिळून गुलाबी-जांभळा रंग देते आणि ५४० नॅनोमीटरच्या आसपास त्याचे शोषण मोजतात. मूळ पाण्यात नायट्राइट असेल, तर ते स्तंभाविना वेगळे मोजून वजा करावे लागते. स्तंभ जुना होतो, कॅडमियमच्या पृष्ठभागावर थर बसतात, आणि रूपांतर पुरे होईनासे होते. येथे अंशशोधनाचीच एक सुंदर तपासणी उपलब्ध आहे : नायट्रोजनच्या हिशेबाने सारख्याच संहतीचे नायट्रेटचे आणि नायट्राइटचे प्रमाण द्रावण पाठोपाठ सोडावयाचे. दोन्ही शिखरे सारखी आली तर स्तंभ ठीक. नायट्रेटचे शिखर बुटके आले तर स्तंभ थकला आहे. (जाता जाता : अहवालातील आकडा नायट्रेटचा आहे की नायट्रेटरूपी नायट्रोजनचा, हेही पाहावे. या दोहोंत सुमारे ४.४ पटीचा फरक असतो आणि त्यापायी घोटाळे होतात.)

सहद्रव्यांच्या परिणामावर जुना उतारा म्हणजे प्रमाण-भर पद्धती. प्रमाण द्रावण शुद्ध पाण्यात न घेता नमुन्यातच मिसळावयाचे आणि संकेत किती वाढला ते पाहावयाचे. एक कल्पित उदाहरण घेऊ. शुद्ध पाण्यातील प्रमाण द्रावणांवरून असे दिसते की, लिटरमागे प्रत्येक मिलिग्रॅमला ०.०१० एवढा शोषणांक मिळतो. विहिरीच्या पाण्याचा शोषणांक ०.३८० आला, म्हणजे उत्तर ३८. आता त्याच पाण्यात लिटरमागे १० मिलिग्रॅमची भर घातली. शोषणांक ०.४८० व्हावयास हवा होता, झाला ०.४५३. याचा अर्थ या पाण्यात प्रत्येक मिलिग्रॅमला ०.००७३ एवढाच संकेत मिळतो आहे. ०.३८० ला ०.००७३ ने भागले की उत्तर येते ५२. एकच पाणी, एकच उपकरण, एकच दिवस. रेषा कोठे काढली एवढ्यावरून ३८ आणि ५२. गावच्या दोन अहवालांत नेमके हेच घडले, असे माझे म्हणणे नाही. ते सिद्ध करण्यासाठी लागणारी एकही नोंद त्या कागदांवर नव्हती. असे घडू शकते, एवढेच या उदाहरणातून दाखवावयाचे आहे.

प्रवाही मांडणीत प्रमाण-भर पद्धती फार सोयीची होते. नमुना आणि प्रमाण द्रावण यांचे दोन तुकडे समांतर प्रवाहांत एकाच वेळी सोडून त्यांचा संगम घडविता येतो. संगमाची ही युक्ती १९७८ मध्ये ब्राझीलमधील पिरासिकाबा येथील बर्गामिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभिकारक वाचविण्याच्या हेतूने मांडली होती. साओ पावलो राज्यातील हा प्रदेश उसाचा. तेथील कृषिसंशोधन केंद्रात मातीचे आणि पिकांचे नमुने मोठ्या संख्येने येत. तेथून ही युक्ती अंशशोधनाच्या कामीही आली. टायसन यांनी आणखी एक उलटापालट केली : नमुनाच वाहक म्हणून सतत वाहू दिला आणि त्यात निरनिराळ्या संहतीची प्रमाण द्रावणे सोडली. प्रमाण द्रावण नमुन्यापेक्षा संहत असेल तर शिखर वर येते, विरल असेल तर खाली खड्डा पडतो. शिखरांची आणि खड्ड्यांची उंची-खोली संहतीसमोर मांडली की, रेषा जेथे शून्याला छेदते तेथे प्रमाण द्रावण आणि नमुना समान असतात. नेहमीच्या प्रमाण-भर पद्धतीत रेषा मोजलेल्या बिंदूंच्या पलीकडे लांबवून उत्तर काढावे लागते, आणि लांबविलेली रेषा थोड्याही चुकीने भरकटते. येथे उत्तर मोजलेल्या बिंदूंच्या मध्येच सापडते. अट एवढीच की, सोडलेला तुकडा नमुन्यात पुरेसा विखुरला पाहिजे, अन्यथा त्या तुकड्याभोवती सहद्रव्ये राहणारच नाहीत.

प्रमाण-भर पद्धती हा रामबाण नव्हे. सहद्रव्ये संकेताला ठराविक पटीने कमी-जास्त करीत असतील तरच ती चूक दुरुस्त करते. त्यांनी स्वतःचा वेगळा संकेत मिळविला असेल, जसे पाण्याचा मूळचा पिवळसर रंग किंवा खाऱ्या पाण्याच्या वक्रीभवनाने उठलेले खोटे शिखर, तर तेवढी चूक उत्तरात तशीच राहते. त्यासाठी रंगअभिकारकाविना कोरी चाचणी घ्यावी लागते. शिवाय काही व्यत्यय मूलद्रव्य आणि सहद्रव्य यांच्या परस्परप्रमाणावर अवलंबून असतात. ज्योतीत कॅल्शियम मोजताना फॉस्फेट त्याचा संकेत दाबून टाकते, हे याचे प्रसिद्ध उदाहरण. अशा वेळी कॅल्शियमची भर घातली की प्रमाणच बदलते आणि रेषा वाकते. म्हणून तेथे लँथॅनम मिसळून फॉस्फेटला गुंतवून ठेवतात.

मग कोणत्या उत्तरावर विसंबावयाचे? पोलंडमधील क्राकूवच्या यागिएलोनियन विद्यापीठातील पावेल कोश्चेलन्याक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रश्नाला दिलेली दिशा मला सर्वात मोलाची वाटते. अंशशोधन म्हणजे एक रेषा आणि एक उत्तर, ही कल्पनाच त्यांनी बाजूला ठेवली. नमुना आणि प्रमाण द्रावणे प्रवाहात निरनिराळ्या प्रमाणांत मिसळून एकाच क्रमात अनेक संकेत घ्यावयाचे आणि त्यांवरून त्याच एका संहतीची दोन-तीन स्वतंत्र अनुमाने काढावयाची. काही दोन बिंदूंमधून, काही रेषा लांबवून, काही नमुना अधिकाधिक विरल करून. अनुमाने जुळली तर उत्तराला आधार मिळतो. जुळली नाहीत तर व्यत्यय आहे हे कळते, आणि ती कशी फुटतात यावरून व्यत्ययाचा प्रकारही पुष्कळदा ओळखता येतो. विरलनासरशी उत्तर सरकत जाऊन एका जागी स्थिरावत असेल, तर व्यत्यय विरळ होत गेला असे समजता येते. हातानेही हे करता येईल, पण एका नमुन्यासाठी दहा-बारा पात्रे कोण भरणार? प्रवाहात ते काही मिनिटांचे काम आहे. १९९० मध्ये रुझिच्का आणि मार्शल यांनी संगणकनियंत्रित पिचकारी-पंप व बहुमुखी झडप वापरणारी अनुक्रमिक अंतःक्षेपण पद्धती मांडल्यानंतर तर असे क्रम आज्ञावलीत बसविणे सोपे झाले. असे असूनही नित्याच्या तपासणीत ही रीत फारशी रुळलेली दिसत नाही. अहवालाच्या नमुना-कागदावर आकड्यासाठी एकच चौकट असते, हे त्याचे एक साधे कारण असावे, अशी माझी शंका आहे.

गेल्या उन्हाळ्यात मी गावी गेलो, तेव्हा त्या विहिरीचे पाणी बर्फाच्या पेटीत ठेवून रात्रीच्या गाडीने विद्यापीठात आणले. सहकाऱ्यांनी दुसऱ्याच दिवशी ते लावले. आधी नायट्रेट-नायट्राइटची जोडी सोडून स्तंभ पाहिला, मग शुद्ध पाण्यातील रेषा, मग प्रमाण-भर, मग पाचपट विरल करून पुन्हा तेच. आकडे आले ४४, ४९ आणि ४९. पैकी पहिला केवळ शुद्ध पाण्यातील रेषेवरचा. जुन्या दोन अहवालांपैकी बरोबर कोणता होता, हे यावरून ठरत नाही, कारण तो पाऊस वेगळा होता आणि हा उन्हाळा वेगळा. सहकाऱ्यांनी तिन्ही आकडे, प्रत्येकासमोर पद्धत लिहून, एका कागदावर दिले. तो कागद मी ग्रामपंचायतीला पाठविला. विहीर आता गुरांसाठी आणि धुण्यासाठी वापरतात. पिण्याचे पाणी नळाने येते, दिवसाआड.